वावरातून आल्यावरची वीस मिनिटं

मारेगावकर पालकहो, कापसाची वेचणी आणि पोरांची सत्र परीक्षा आगेमागेच येतात. "आमाले कुठं शिकवता येते?" असं बरेच जण म्हणतात. शिकवू नका, विचारा. रोज वीस मिनिटं पुरेत.

📌 गणित: आज २३ किलो वेचला, किलोला १० रुपये, तर मजुरी किती? क्विंटलला अजून किती किलो कमी? उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका. "कसं काढलं?" एवढंच विचारा. सांगता सांगता पोरगं स्वतःच चूक पकडतं.

📌 वाचन: चुलीजवळ बसून एक पान मोठ्यानं वाचायला लावा. मग पुस्तक मिटून "काय झालं त्यात?" विचारा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे जमतं. घरी कोलामी बोलत असाल तर आधी कोलामीत सांगू द्या, मग मराठीत. अर्थ पक्का बसतो.

📌 तपासलेला पेपर: आधी गुण नाही, चुकलेले प्रश्न पाहा. तेच दोन दिवसांनी पुन्हा सोडवून घ्या.

📌 पुस्तक फाटलं? बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावं. २०२३-२४ पासून या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत. कमी पडलं तर पुनर्परीक्षा असते, तेव्हा घाबरवू नका.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री? लवकर झोपवा.