ट्रॉली घेताना नेमकं काय बघावं?

नवी ट्रॉली बघायला गेलेला माणूस आधी पत्र्यावर मूठ आपटतो. आवाज भरीव आला की मान डोलावतो, रंगाची चकाकी बघतो, टायरला लाथ मारतो आणि भावावर येतो. हीच ट्रॉली पुढे वर्षानुवर्षं ऊस, कांदा, शेणखत, मुरूम ओढणार असते. आणि मोडते तेव्हा ती पत्र्याला क्वचितच मोडते. मोडते ती दांड्याच्या मुळाशी, एक्सलच्या बैठकीजवळ, चासीच्या जोडात. जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं.

पहिला गैरसमज पत्र्याचाच. जाड पत्रा म्हणजे मजबूत ट्रॉली, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की विकणाराही पत्र्यापासूनच सुरुवात करतो. त्यात गेजचा घोळ. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 10 गेज म्हणजे 3 मिलिमीटरच्या थोडा वर, तर 14 गेज म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर. म्हणून गेज विचारू नका, मिलिमीटर विचारा आणि फाळक्याच्या उघड्या कडेला व्हर्नियर लावून मोजा. पत्र्याचं काम माल धरून ठेवण्याचं. दगड-मुरूम टाकणार असाल तर तळ जाड हवाच, पण भार पेलतो तो खालचा चॅनल. पत्रा 1 मिलिमीटरनं वाढवला तर दर चौरस मीटरला 7.85 किलो लोखंड वाढतं. 10 बाय 6 फुटांच्या तळालाच सुमारे 44 किलो झाले. तेच लोखंड चॅनलची उंची वाढवायला वापरलं तर फरक कितीतरी मोठा पडतो. 100 मिलिमीटर उंचीच्या मध्यम चॅनलऐवजी 150 चा घेतला तर वजन पावणेदोन पटीच्या आसपास जातं, पण वाकण्याविरुद्धची ताकद जवळजवळ पावणेतीन पट होते. एक्सलचंही तसंच. 75 मिलिमीटरचा चौकोनी एक्सल आणि 90 चा, डोळ्याला फार फरक वाटत नाही. पण पोलाद एकाच प्रतीचं असेल तर 90 चा एक्सल 75 च्या एक्सलपेक्षा 70 टक्क्यांहून जास्तीचा भार सोसतो.

यातूनच दुसरा गैरसमज सुटतो. जड ट्रॉली दणकट असतेच असं नाही. ते वजन कुठं बसवलंय हे बघायचं. बाजूच्या फळ्यांत आणि नक्षीच्या पट्ट्यांत घातलेलं लोखंड तुम्ही प्रत्येक खेपेला फुकट ओढता, त्याचं डिझेल तुमच्याच खिशातून जातं. रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजनकाट्यावर करून पावती घ्या. किलोच्या भावानं व्यवहार होत असेल तर ती पावती हवीच.

आता वेल्डिंग. इथं थोडं थांबायला हवं, कारण ट्रॉलीचं आयुष्य इथंच ठरतं. वेल्डिंग जितकी फुगीर तितकी पक्की, असं बहुतेकांना वाटतं. पण जोडाची ताकद ठरते ती वेल्ड दोन्ही तुकड्यांत किती वितळून मुरली आहे आणि कोपऱ्याच्या मुळापासून किती भरली आहे, यावर. वरून ढिगासारखी चढवलेली वेल्ड आत नुसती चिकटलेली असू शकते. चांगली वेल्ड सारख्या रुंदीची असते, तिच्या लाटा एकसारख्या असतात आणि ती दोन्ही बाजूंना अलगद लोखंडात मिसळते. कडेला चर पडलेला दिसला, म्हणजे वेल्डच्या शेजारचं मूळ लोखंडच वितळून खचलेलं असलं, तर तोच चर उद्याच्या तड्याची सुरुवात. बारीक छिद्रं दिसली तर रॉड ओले होते किंवा लोखंडावर गंज-तेल होतं, असं समजा. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेला जोड बघून खूश होऊ नका. ग्राइंडर दिसण्यासाठी मारतात, आणि त्यात कधी कधी भरलेली वेल्डच निघून जाते.

मोठा धोका वेगळाच आहे. 'वरून पट्टी मारून देतो, डबल मजबूत होईल,' हे वाक्य कारखान्या-कारखान्यात ऐकू येतं. भरलेल्या ट्रॉलीत हूक ते एक्सल या भागात चासीच्या चॅनलची खालची कड ताणली जाते. त्या कडेवर आडवी वेल्ड घातली, किंवा पट्टी सरळ कापून तिच्या टोकाला आडवा टाका मारला, तर तडा नेमका तिथून सुरू होतो. खड्ड्यागणिक तो थोडा थोडा पुढे सरकतो. पट्टी द्यायचीच तर टोकं निमुळती कापून उभ्या कडांनी वेल्ड करावी. एक्सलच्या बाबतीत तर नियम सरळ ठेवा: एक्सलच्या दांड्याला मध्ये कुठं जोड दिसला, तर ती ट्रॉली घेऊ नका. एक्सलचं पोलाद बहुधा जास्त कार्बनचं असतं. ते नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं की जोडाशेजारी कडक आणि ठिसूळ होतं. भार आला की वाकत नाही, तुटतं.

आणखी एक तक्रार ऐकू येते: 'दोन चाकी ट्रॉलीचा एक्सल मधोमध का नाही? चुकीचा बसवलाय.' चुकीचा नाही, तो मुद्दामच थोडा मागे असतो. त्यामुळे मालाचा काही भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. एक्सल मधोमध असला आणि माल मागं सरकला, तर दांडा वर उचलू लागतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. चढावर किंवा चिखलात हे जिवावर बेततं. उलट एक्सल फारच मागे नेला तर हुकावर इतका भार येतो की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. बघायचं ते एक्सल सरळ बसलाय का. हुकाच्या छिद्रापासून दोन्ही चाकांच्या हबपर्यंत टेप लावा, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. चासीचे कर्णही मोजा. फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालणार आणि टायर एका बाजूनं झिजणार. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे.

'पाच टनी ट्रॉली' हा शब्दही फसवा आहे. पाच टन माल, की ट्रॉलीसकट पाच टन, हे लिहून घ्या. हौदाच्या मापावरून तर टन ठरवूच नका. 10 बाय 6 फूट आणि 2 फूट उंचीचा हौद म्हणजे 120 घनफूट, सव्वा ब्रासच्या जरा खाली. त्यात गहू भरला तर अडीच टनांच्या आसपास बसतो. तोच हौद ओल्या वाळूनं काठोकाठ भरला तर सहा टनांच्या घरात जातो. हौद तोच, एक्सलवरचा भार दुपटीहून जास्त. टायरवरचा प्लाय रेटिंगचा आकडा बघतानाही हेच लक्षात ठेवा. तो आत किती थर आहेत हे सांगत नाही, भाराची श्रेणी सांगतो.

ब्रेकबद्दल मात्र मला जरा कडकच बोलायचंय. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा, 'ट्रॅक्टरचा ब्रेक आहे ना' हे उत्तर चालणार नाही. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा बरीच जड असते. उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते, आणि वळणावर ढकललं तर दोघंही आडवे होतात. दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणाऱ्यांनी तर याचा विचार करायलाच हवा. ब्रेकइतकंच दिसणंही महत्त्वाचं. गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर पुढे चाललेल्या ट्रॉलीचा मागचा भाग मोटारसायकलवाल्याला वेळेत दिसत नाही. मागं लाल रिफ्लेक्टर, टेपची पट्टी आणि चालू दिवे हे ट्रॉलीच्या किमतीत धरूनच बोला. ट्रॉलीची आरटीओ नोंदणीही वेगळी करावी लागते, ट्रॅक्टरच्या कागदांत ती येत नाही.

डंपिंग ट्रॉली घेणाऱ्यांना एकच सांगणं: हौद वर असताना खाली जाण्याआधी लोखंडी टेकू लावायची सोय आहे का, ते बघा. जॅकच्या तेलाच्या भरवशावर खाली वाकू नका.

हे सगळं रंग चढल्यावर दिसत नाही. रंग आणि पुट्टी मिळून तडा, चर, गंज, सगळं झाकून टाकतात. म्हणून ऑर्डर देतानाच ठरवून घ्या: चासी पूर्ण झाल्यावर, प्रायमरसुद्धा मारण्याआधी मी येऊन बघणार. टेप, व्हर्नियर आणि खडू बरोबर न्या. शंका आली तिथं खडूची खूण करा आणि तो जोड पुन्हा करून घ्या. चॅनलचं माप, एक्सलचं माप, बेअरिंगचा नंबर, टायरचा आकडा आणि रिकामं वजन बिलावर लिहून मागा. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून ट्रॉली घेऊ नका.