लहान मुलांचे पुढचे दुधाचे दात किडलेत? 'पडणारच आहेत' म्हणून सोडू नका. कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार, वाचा सविस्तर

अहिल्यानगर : दीड-दोन वर्षांच्या लेकराचे वरचे पुढचे दात आधी पिवळट दिसतात, मग तपकिरी होतात आणि बघता बघता काळे पडून तुटायला लागतात. घरात विषय निघतो आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यावर संपतो, "दुधाचेच दात आहेत, पडतील अन् नवे येतील."

दात पडणार हे खरंच आहे. पण कधी? वरचे पुढचे चार दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात पडतात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाने किडके दात घेऊन आणखी चार ते सहा वर्षे काढायची. तेवढ्या काळात कीड नसेपर्यंत जाते, मुळाशी पू होतो, रात्री ठणका लागतो, मूल नीट खात नाही. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाजवळच कायमचा दात तयार होत असतो. पू जास्त दिवस राहिला तर त्या नव्या दातावर डाग किंवा खड्डे येऊ शकतात.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यामुळे हा एखाद्या घरचा प्रश्न नाही आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही.

वरचेच पुढचे दात का किडतात?

तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दातापेक्षा बरेच पातळ असते, म्हणून कीड झपाट्याने आत जाते.

मूल बाटली तोंडात धरून झोपले की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दात धुतले जात नाहीत. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे झाकण असते आणि लाळही तिथेच असते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे चार काळे आणि खालचे पांढरेशुभ्र असे दिसले, तर कारण बहुतेक वेळा रात्रीच्या बाटलीत सापडते.

दोष फक्त बाटलीचा नाही. चहात बुडवलेले बिस्कीट, मध किंवा साखरेत बुडवून तोंडात दिलेली चोखणी, गोड औषध पाजून तसेच झोपवणे, रडले की हातात चॉकलेट, हे सगळे त्यात येते. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे. दर तासाला एक बिस्कीट म्हणजे दर तासाला दातांवर आम्ल.

आईचे दूध मात्र बंद करायचे नाही. दात आल्यावर रात्रभर सारखे अंगावर पाजणे हळूहळू कमी करावे आणि झोपण्याआधी दात पुसावेत, एवढेच.

'कीड' म्हणजे अळी नव्हे

काही ठिकाणी अजूनही बाजारात किंवा दारावर दातातली कीड काढून देणारे येतात. भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन पांढऱ्या बारीक अळ्या पडल्याचे दाखवतात. दातात अळी नसते. दाखवले जातात ते बियांमधले बारीक कोंब असतात. यात पैसे जातात आणि उपचाराचे महिनेही जातात. किडक्या दातात मिश्री किंवा तंबाखू दाबणे तर लहान मुलासाठी विषच आहे. लवंगतेलाचा बोळा ठेवल्याने हिरडी भाजते.

ओठ उचलून बघा

महिन्यातून एकदा मुलाला उजेडात मांडीवर आडवे घ्या आणि वरचा ओठ बोटाने उचला. हिरडीलगत दातावर चुन्यासारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात आहे. ती दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण खड्डा न पडता दात वाचवायची संधी याच टप्प्यावर असते.

कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार?

१. पांढरा पट्टा : डॉक्टर दातावर फ्लोराइडचे वॉर्निश लावतात. हा ब्रशने लावायचा लेप असतो. इंजेक्शन नाही, मशीन नाही, काम काही मिनिटांचे. दर तीन ते सहा महिन्यांनी लेप परत लावतात. बाटली बंद केली आणि ब्रश नीट झाला, तर कीड इथेच थांबू शकते.

२. तपकिरी डाग, छोटा खड्डा : मूल शांत बसत असेल तर कीड साफ करून सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे मटेरियल भरतात. मूल फार लहान असेल, बसत नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध लावता येते. त्याने बऱ्याचदा कीड जागेवर थांबते आणि दात कोरावा लागत नाही. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे डॉक्टरांनी आधी सांगितले पाहिजे आणि पालकांनीही विचारून घेतले पाहिजे. काळा पण कडक झालेला दात हा मऊ, पसरत्या किडीपेक्षा बरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. ते ठरावीक काळाने परत लावावे लागते.

३. दात निम्मा तुटला, पण नस शाबूत : कीड काढून दातावर कॅप बसवतात. पुढच्या दातांसाठी पारदर्शक साच्यात दाताच्या रंगाचे मटेरियल भरून दात पुन्हा घडवतात किंवा पांढरी झिरकोनियाची कॅप लावतात. झिरकोनिया महाग पडते.

४. कीड नसेपर्यंत गेली : दुधाच्या दातांचेही रूट कॅनॉल होते. फरक एवढाच, की मुळात विरघळणारे औषध भरतात. पुढे दुधाच्या दाताचे मूळ झिजते तसे तेही झिजते आणि खालून येणाऱ्या दाताला वाट मिळते. त्यावर कॅप लागते.

५. मूळच खराब, वारंवार पू : दात काढावा लागतो. पुढचा दात लवकर काढला तरी सुळे आलेले असतील तर जबड्यातली जागा सहसा फारशी कमी होत नाही. दाढेचे तसे नाही. दुधाची दाढ लवकर काढली तर बाजूचे दात सरकतात, म्हणून तिथे जागा राखणारी तार लावतात. पुढचे दात नसल्याने बोलण्यावर किंवा दिसण्यावर परिणाम होत असेल, तर लहान मुलांनाही कृत्रिम दात बसवता येतात.

फार लहान मुलाचे एकदम सात-आठ दात खराब असतील, तर भूल देऊन एकाच वेळी सगळे उपचार करतात. हे भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच करावे. भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टर सांगतात, ते तंतोतंत पाळावे.

या लक्षणांत थांबू नका

हिरडीवर पुवाची पुटकुळी आली तर एक-दोन दिवसांत दाखवा. गाल किंवा डोळ्याखाली सूज, जबड्याखाली गाठ, जोराचा ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. मेडिकलमधून गोळी आणून सूज उतरली, की काम झाले असे वाटते. पण मुळाशी जंतू तसेच राहतात आणि सूज परत येते. सुजेवर गरम शेक देऊ नका.

घरी काय करायचे?

- पहिला दात आला की ब्रश सुरू करा. सकाळी आणि रात्री झोपताना, असा दोनदा. रात्रीचा चुकवू नका.
- पेस्ट फ्लोराइडची घ्या. पाकिटावर १००० पीपीएम लिहिलेले बघा. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असते किंवा नसतेच.
- तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.
- सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसानेच करून द्यावा. मुलाच्या हाताला तेवढे वळण नसते.
- वर्ष झाले की बाटली सोडवून वाटी किंवा कप सुरू करा. एकदम जमत नसेल तर आधी साखर बंद करा, मग दुधात रोज थोडे पाणी वाढवत न्या. रात्री बाटलीत फक्त पाणी.
- घरात मिश्री लावणारे असतील तर ते बोट मुलाच्या तोंडात कधीही घालू नका.

कुठे दाखवायचे?

पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दात दाखवून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, तर शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते आणि दातांचे आजारही त्यात मोडतात. पथक आले की नुसते वजन-उंची झाली म्हणून परतू नका. "दात बघा" असे सांगा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले नेमकी या तपासणीत सुटतात. फडाच्या कोपीवर पहाटे चहा-बिस्किटावर दिवस सुरू होतो आणि तोंड धुवायचे राहून जाते. अशा घरांनी निघण्याआधी अंगणवाडी ताईंकडून दात तपासून घ्यायची आठवण ठेवावी. सोबत ब्रश-पेस्ट न्यावी आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाचा ओठ उचलून बघावा.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे. लोणी (ता. राहाता) येथे प्रवरा संस्थेचे रूरल डेंटल कॉलेज, संगमनेरजवळ घुलेवाडीत एसएमबीटी डेंटल कॉलेज आणि नगरजवळ वडगाव गुप्ता येथेही डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ थोडा जास्त लागतो, खर्च मात्र सहसा खासगीपेक्षा कमी येतो. जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या. किती फेऱ्या होतील आणि एकूण खर्च किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पांढऱ्या पट्ट्यावर काही मिनिटांच्या लेपाने भागते. तोच दात वर्षभर सोडला तर रूट कॅनॉल, कॅप किंवा भूल इथपर्यंत जाऊ शकतो. म्हणून दुखायची वाट न बघता आजच ओठ उचलून बघा.