आजारी कोंबडी सुरीखाली नको

बर्ड फ्लूची बातमी आली की ‘डॉक्टर, आता चिकन खावे की नाही?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जानेवारी २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडीत कोंबड्या दगावल्या तेव्हा विचारला गेला, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले तेव्हाही. माझे उत्तर एकच असते. नीट शिजवलेल्या चिकनची भीती नको. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो. खरा धोका कोंबडी कापण्याच्या जागी आहे.

आजारी पक्ष्याच्या लाळेत, विष्ठेत व रक्तात विषाणू असतो. कापताना, पिसे काढताना तो हाताला लागतो, नाकातोंडात जातो. म्हणून मान टाकलेली, तुरा निळा पडलेली किंवा डोके सुजलेली कोंबडी स्वस्तात मिळाली तरी कापू नये. पोल्ट्रीत अचानक मर सुरू झाली, तर उरलेले पक्षी घाईने विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. रोग ठरला की साधारण एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या मारून पुरतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते.

एरवीसाठीही नियम आहेत. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार, रोज दहा किंवा अधिक प्राणी कापले जातात तो कत्तलखाना. तेथे कापण्यापूर्वी पशुवैद्यकाची तपासणी हवी आणि एका प्राण्यासमोर दुसरा कापू नये. अन्नसुरक्षा कायद्यानुसार रोज ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते.

कापण्याआधी काही तास दाणा बंद ठेवतात, पाणी मात्र चालू असते. पोट भरलेले असले तर साफ करताना आतडे फुटून साल्मोनेलासारखे जंतू मांसाला लागतात. औषध दिल्यावर किती दिवस कापू नये, हे बाटलीवर लिहिलेले असते. तशी मुदत ठरलेली नसेल, तर किमान २८ दिवस थांबावे, असा नियम आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला येतो, हे लक्षात घेता ही मुदत पाळणे किती गरजेचे आहे ते कळेल.

वाचकहो, दुकान निवडताना नोंदणीचा कागद, वाहते पाणी व झाकणाचे कचऱ्याचे डबे पाहा. घरी कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर पसरतात. त्याची सुरी-पाट वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवा आणि मगच वाढा.