एकतीस डिसेंबरचा शिल्लक ट्रक

पहाटे साडेपाच

मेथी उजाडायच्या आत उपटलेली बरी. ह्यूस्टनच्या नैऋत्येला, रोझेनबर्गपलीकडे आमची शेती आहे. डिसेंबरात तिथे मेथी, पालक, मुळा आणि जाळीच्या घरात कोथिंबीर असते. डोक्याला दिवा बांधून जुड्या बांधताना नवऱ्याला एवढंच बजावलं, "डीलरकडे गेल्यावर करसवलतीचं नाव काढायचं नाही." २०२४चा शेवटचा दिवस होता. धंद्यासाठी घेतलेला जड ट्रक आजच्या तारखेत वापरात आला तरच त्याचा खर्च या वर्षात दाखवता येणार होता. आमचे सीपीए, म्हणजे कराचा हिशेब पाहणारे, म्हणाले होते, नुसतं बुकिंग चालायचं नाही, ट्रक प्रत्यक्ष कामाला लागला पाहिजे. म्हणजे घाई विकणाऱ्याला होती तशी आम्हालाही होती. आमची त्याला कळली की भाव तिथेच थांबला असता.

सकाळी साडेसात

हिलक्रॉफ्टवरच्या देशी दुकानांत माल उतरवला. दुकानदाराने नेहमीप्रमाणे जुडी उलटीपालटी करून विचारलं, "कालची तर नाही ना?" कालची असती तर त्याने भाव पाडला असता, आणि मी दिलाही असता, कारण परवा तीच जुडी फेकायची वेळ येते. शिल्लक माल विकणाऱ्याची अवस्था मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ट्रक कोमेजत नाही, पण त्याच्यावर व्याज चढत असतं. डीलर गाड्या कर्जावर आणून उभ्या करतो. अठ्ठावन्न हजारांच्या मालावर आठ टक्के धरले तर वर्षाचे ४,६४० डॉलर होतात, म्हणजे रोजचे बारा-तेरा. सुरुवातीचे काही आठवडे कंपनी त्यातला भार उचलते. पुढचं व्याज डीलरच्या खिशातून जातं.

साडेनऊ

गाडीत बसून ईमेल चाळले. आठवडाभर आसपासच्या डीलरांना एकच प्रश्न विचारत होते: कर, नोंदणी, कागदपत्रांची फी सगळं धरून गाडी दाराबाहेर काढायला किती? मासिक हप्ता किती परवडेल, या त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. हप्त्यात मुदत वाढवून काहीही लपवता येतं.

गाडी होती फोर्ड एफ-२५०, चार दारांची, ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, मागे आठ फुटी हौदा. लांबी बावीस फुटांच्या वर. खपली नाही ती याचमुळे. ज्यांना पोरंबाळं घेऊन फिरायचं असतं त्यांना आखूड हौदा हवा, आणि ही पुष्कळांच्या गॅरेजात मावतही नाही. आम्हाला ट्रॅक्टरचा ट्रेलर ओढायचा आहे आणि गॅरेजच नाही. स्टिकरवर किंमत ६२,४८५ डॉलर. शेजारी २०२५ची नवी मॉडेलं येऊन उभी होती.

दुसऱ्या एका डीलरने तशीच २०२५ची गाडी करापूर्वी साडेसाठ हजारांना देऊ केली होती. माझं खरं माप तेच होतं. शिल्लक गाडी स्टिकरच्या किती खाली मिळते यापेक्षा नवीच्या किती खाली मिळते ते पाहावं. विकायला काढाल तेव्हा भाव मॉडेलच्या वर्षावर ठरतो, गाडी कुठल्या तारखेला घेतली ते कुणी विचारत नाही. तीन वर्षांत बदलणाऱ्याने शिल्लक गाडीच्या नादी लागू नये, निदान वर्षभराची घट आधीच वसूल होत नसेल तर. आम्ही गाडी पंधरा वर्षं झिजवणारे. आम्हाला त्या एका वर्षाचं ओझं फारसं नाही.

अकरा

टेक्सासात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. हा डीलर रविवारी बंद असतो, म्हणून गाडी त्या दिवशीच निवांत पाहून आलो होतो, मागे लागायला कोणी नाही. आज बॉनेट उघडायचं होतं. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना ऑक्टोबर २०२३. टायरच्या बाजूला कोरलेले आकडे ३८२३, म्हणजे त्या वर्षाचा अडतिसावा आठवडा. चौदा महिने उन्हापावसात उभी. नवरा खाली आडवा होऊन वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते पाहत होता. मी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक. बॅटरी मेलेली. सेल्समन पोरगा कानकोंडा झाला, मला मात्र बरं वाटलं.

खिडकीवरच्या कागदात मायलेजचा रकाना शोधू नये. ८,५०० पौंडांहून जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना तो लावावा लागत नाही.

साडेबारा

आता टेबल. जाहिरातीत ठळक अक्षरात नऊ हजारांची सूट होती, ५३,४८५. खाली बारीक अक्षरात गोम. त्यातले हजार कंपनीच्याच फायनान्सकडून कर्ज घेणाऱ्याला, दीड हजार जुनी गाडी देणाऱ्याला. आम्ही आमच्या बँकेतून घेणार आणि जुनी गाडी शेतातच ठेवणार. म्हणजे आम्हाला ५५,९८५. त्यावर काचांना फिल्म, रंगाला लेप आणि टायरांत नायट्रोजन मिळून १,८९५. कर आणि फी धरून बेरीज ६१,९७२.

"हे सगळं आधीच बसवलंय, मॅडम."

"मग मेहेरबानीने काढून घ्या. नायट्रोजन सोडून द्या, साधी हवा भरा."

तो हसला आणि मॅनेजरला विचारायला गेला. ही येरझार म्हणजे निम्मं नाटक असतं, पण चिडायचं नाही. पोरगं बिचारं कमिशनवर जगतं. तो नसताना नवरा कुजबुजला, "कंपनीच्या सवलतीचे तीन हजारही हे आपल्याच दानतीत धरतायत." बरोबर होतं. ते कंपनीचे पैसे, कुठल्याही डीलरकडे मिळाले असते. या दुकानाने स्वतःचं काय सोडलं ते वेगळं काढलं तर साडेतीन हजार. शिवाय कंपनी स्टिकरच्या साधारण तीन टक्क्यांपर्यंत रक्कम गाडी विकल्यावर डीलरला परत करते. इन्व्हॉइस दाखवून "यात आम्हाला काहीच सुटत नाही" म्हणतात, तेव्हा ती रक्कम त्या कागदावर दिसत नाही.

मी कागदावर एकच आकडा लिहिला: ५६,०००, सगळं धरून. खाली बॅटरी नवी. मॅनेजर स्वतः आला. "एवढ्यात कशी परवडेल?" म्हणत एकोणसाठवर उतरला. मी २०२५चा ईमेल पुढे ठेवला आणि उठले.

"आज वर्षअखेर आहे," तो म्हणाला, "तुम्हाला टॅक्सलाही उपयोग झाला असता." पाहा, त्याला ठाऊक होतंच. नवरा छताकडे पाहू लागला.

"पुढच्या वर्षीही टॅक्स आहेच," मी म्हणाले.

पावणेचार

रस्त्यापलीकडे उभं राहून डबा खाल्ला. पावणेचारला फोन आला: गाडीचे ५३,२००, त्यावर सव्वासहा टक्के कर ३,३२५, फी ४७५. सत्तावन्न हजारांत सगळं. बॅटरी नवी, फिल्म-लेप फुकट. नव्या गाडीपेक्षा करापूर्वी ७,३०० कमी. आणखी पाचशे सुटले असते, असं नवऱ्याचं मत अजूनही आहे. मला वाटतं, समोरच्याला व्याज भरून वर दोन पैसे राहिले तर तो उद्या वॉरंटीच्या कामाला तोंड वाकडं करत नाही.

पाच

फायनान्सच्या खोलीत वाढीव वॉरंटी, टायरांचा विमा, आणखी काय काय. सगळ्याला नाही. मी एकच गोष्ट मागितली: कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते छापून द्या. कधी कधी महिन्याचं लक्ष्य गाठायला गाडी आधीच विकली गेल्याची नोंद करून ठेवतात. तसं झालं असेल तर तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांचं घड्याळ घेणाऱ्याच्या आधीच चालू झालेलं असतं. आमची नोंद कोरी निघाली. दुसरी किल्ली मात्र सापडेना; ती देणं बाकी असल्याचं लेखी घेतलं. इथे विकत घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करायची सोय नसते, म्हणून सहीआधी प्रत्येक पान वाचलं. मागे रांग खोळंबली होती, खोळंबू दे.

साडेसहा

शेतीच्या सामानाचं दुकान सातला बंद होणार होतं. कोऱ्या हौद्यात खताची पोती भरून घेतली आणि आजची तारीख छापलेली पावती सीपीएंसाठी पाकिटात घातली. पोती चढवून देणारा पोरगा म्हणाला, "नव्या गाडीला ओरखडा पडेल हं." नवऱ्याने त्याला आणखी चार पोती आणायला सांगितलं.