मोठा सबवूफर घेताना काय पाहाल?

उसाचे बिल हाती आले की घरातल्या तरुणांना जीपमध्ये मोठा सबवूफर बसवावासा वाटतो. हौसेला मोल नसते हे खरे. पण पैसे मोजण्यापूर्वी थोडी चौकशी करा.

खोक्यावर ठळक छापलेले वॅट बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात. तुलना करावी ती ‘आरएमएस’ या, सतत पेलवणाऱ्या शक्तीच्या आकड्याची. १५ इंची पडदा १२ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे दीडपट असतो. तो जास्त हवा हलवतो, पण त्याला पेटीही मोठी लागते. बंद पेटीचा आवाज आटोपशीर, तर भोकाच्या पेटीचा अधिक दणदणीत.

आता बॅटरीचे पाहा. १२ व्होल्टवर सतत १००० वॅट घ्यायचे, तर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. इंजिन बंद ठेवून रात्री गाणी लावाल, तर सकाळी दवाखान्याची निकड आली तरी गाडी सुरू होणार नाही.

कानांनाही जपा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच ऐकावा, असे तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते.

म्हणून इंचांवर भुलू नका. गाडीला आणि घराला पेलेल तेच घ्या.