चार आण्यांचा रोव्हर, बारा आण्यांची वाट

आयआयटी दिल्लीतून शिकलेले आणि दिल्लीतच सॉफ्टवेअरचा व्यवसाय करणारे राहुल नारायण यांनी २०१० सरता सरता एका स्पर्धेत नाव नोंदवलं. स्पर्धेचं नाव ‘गूगल लूनार एक्सप्राइझ’. खासगी पैशातून चंद्रावर यान उतरवायचं, तिथे ५०० मीटर अंतर कापायचं आणि चित्रण पृथ्वीवर पाठवायचं. पहिलं बक्षीस दोन कोटी डॉलर. नारायण यांना यानं बांधण्याचा अनुभव नव्हता. तरी मित्र जमले, ‘टीमइंडस’ हे नाव ठरलं आणि पुढे दिल्लीतलं बिऱ्हाड बेंगळुरूला हललं. इस्रोतून निवृत्त झालेली अनुभवी मंडळी तिथेच भेटणार होती.

या चमूने चंद्रावर फिरायला जी गाडी, म्हणजे रोव्हर, बनवली तिचं नाव ‘एक छोटी सी आशा’. वजन साधारण साडेसात किलो, चार चाकं, सौरऊर्जेवर चालणारी, डोळ्यांच्या जागी फ्रेंच अवकाश संस्थेचे कॅमेरे. एवढ्या लहान गाडीतही डोकं लढवावंच लागतं. चंद्रावर वारा-पाणी नसल्याने तिथल्या धुळीचे कण झिजून गोल होत नाहीत, त्यांच्या कडा धारदारच राहतात. ते सांध्यांत शिरतात, सौरपट्ट्यांना चिकटतात. पण हे प्रश्न प्रयोगशाळेत वाळूच्या खड्ड्यात गाडी चालवून बऱ्यापैकी सोडवता येतात. पैसा खातो तो प्रवास, आणि त्यातही शेवटची काही मिनिटं.

चंद्राला म्हणण्यासारखं वातावरण नाही, म्हणून पॅराशूट निरुपयोगी. खालच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर असतो आणि तो सगळा इंजिन उलट्या दिशेने पेटवूनच मारावा लागतो. त्यासाठी इंधन हवं, इंधनाला टाक्या हव्यात, टाक्यांना सांगाडा हवा, आणि या सगळ्याचं वजन अलगद उतरवायला पुन्हा इंधन हवं. टीमइंडसच्या यानाचं उड्डाणाच्या वेळचं नियोजित वजन सहाशे किलोंच्या घरात होतं. रोव्हरचा वाटा त्यात जेमतेम सव्वा टक्का! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हिशेब इथे फारच सौम्य वाटतो.

इस्रोलाही हे गणित चुकलेलं नाही. चंद्रयान-३चं एकूण वजन सुमारे ३,९०० किलो आणि त्यातला प्रज्ञान रोव्हर २६ किलोंचा. २३ ऑगस्ट २०२३ला विक्रम हा लँडर उतरल्यावर प्रज्ञान शंभर मीटरच्या थोडं पुढे चालला. वाटेत तीन मीटरवर चार मीटर व्यासाचं विवर दिसलं, तेव्हा त्याला माघारी फिरायची आज्ञा पाठवावी लागली. मोहिमेचा खर्च ६१५ कोटी रुपये सांगितला जातो. २०२०मध्ये इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी दिलेल्या अंदाजात यानाला २५० कोटी आणि उड्डाणाला ३६५ कोटी होते. प्रक्षेपणतळ, अँटेना आणि २०१९मध्ये चंद्रयान-२चा विक्रम कोसळल्यावर मिळालेले धडे यांची किंमत देशाने आधीच मोजलेली होती, हे ‘स्वस्त मोहीम’ म्हणून टाळ्या वाजवताना आपण सोयीने विसरतो.

मंगळावरही वेगळं नाही. १९९७मध्ये तिथे उतरलेला नासाचा सोजर्नर रोव्हर साडेदहा किलोंचा. सात दिवसांसाठी बनवलेला, जवळपास तीन महिने टिकला. त्याच्यावर अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, सगळ्या मोहिमेवर पंचवीस कोटींहून अधिक. आणि तिथे निदान विरळ हवा होती, पॅराशूट आणि हवेच्या पिशव्या कामी आल्या.

टीमइंडसला जानेवारी २०१५मध्ये अवतरण तंत्रासाठी दहा लाख डॉलरचं टप्प्याचं बक्षीस मिळालं. रतन टाटा, नंदन निलेकणी यांनी पैसे घातले. २०१६च्या अखेरीस इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा करार जाहीर झाला. खर्चाला हातभार म्हणून हाकुतो या जपानी प्रतिस्पर्ध्याचा रोव्हरही आपल्याच यानातून न्यायचं ठरलं. शर्यतीत असा शहाणपणा क्वचित दिसतो. तरीही पैसे कमी पडले. बक्षीस पोहोचल्यावर मिळणार होतं, रॉकेटचे पैसे मात्र निघण्याआधी भरायचे होते. जानेवारी २०१८मध्ये करार संपुष्टात आला आणि त्याच महिन्यात आयोजकांनी सांगून टाकलं की, ३१ मार्चच्या मुदतीत कुणीच पोहोचणार नाही. दोन कोटी डॉलर तसेच राहिले.

अपयश एकट्या टीमइंडसचं म्हणता येत नाही. त्याच स्पर्धेतलं इस्रायलचं बेरेशीट एप्रिल २०१९मध्ये चंद्रावर आदळलं. हाकुतोमागच्या आयस्पेस कंपनीची २०२३ आणि २०२५ची दोन्ही याने उतरताना नष्ट झाली. दुसऱ्यात पाच किलोंचा धडधाकट रोव्हर होता. त्याला चाक फिरवायची संधीच मिळाली नाही.

म्हणून नव्या चमूंनी रोव्हरही बांधायचा आणि लँडरही, हा हट्ट सोडावा. इस्रोने २०२२पासून पीएसएलव्हीचा एरवी वाया जाणारा चौथा टप्पा ‘पोएम’ नावाने कक्षेतच कामाला लावला आणि त्यावर स्टार्टअपच्या उपकरणांना जागा दिली. चंद्रावर जाणाऱ्या पुढच्या भारतीय लँडरवर अशीच पाच-दहा किलोंची जागा बाहेरच्या रोव्हरसाठी राखून ठेवावी. साडेसात किलोंची गाडी बनवू शकणारे लोक या देशात आहेत, हे टीमइंडसने दाखवून दिलं आहे.