विमानतळावरची तपासणी आणि आपले स्वमग्न मूल

वाचकहो, विमानाचा प्रवास आता केवळ मुंबईच्या साहेबलोकांचा राहिलेला नाही. शिर्डी, कोल्हापूर, ओझर अशा आपल्या जवळच्या ठिकाणांहून विमाने उडतात. लेक परराज्यात नांदायला गेली, तिचे बाळंतपण आले, की घरधनी कांद्याच्या लागवडीत अडकलेला असला तरी आईला जावेच लागते. आगगाडीने दीड दिवस लागतो तिथे विमानाने दोन तासांत पोचता येते. मोबाइलवर तिकीट काढून देणारा एखादा भाचा-पुतण्याही हल्ली प्रत्येक गावात असतो.

परंतु ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घरात तिकीट निघाल्यापासून आईची झोप उडते. भीती विमानाची नसते, उंचीचीही नसते. भीती असते ती विमानतळावरच्या तपासणीची.

माझ्या धाकट्या बहिणीची गेल्या लागवडीच्या दिवसांत हीच गत झाली. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. अंगाने थोराड, मिसरूड फुटलेले, बोलणे मात्र मोजके. त्यांच्या गोठ्यातल्या जुन्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी सदैव त्याच्या मुठीत असते. ती हातात असली की पोरगा शांत. अनोळखी माणसाने खांद्यावर नुसता हात ठेवला, तरी निखारा पडल्यासारखा ओरडतो. आणि विमानतळावर काय होते? हातातली वस्तू काढून घेतात, आणि अनोळखी माणूस अंगाला हात लावतो.

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था, आपल्या खेड्यापाड्यांतही आहे. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकात हे नाव रूढ झाले. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि आईबापांच्या वागण्याचा दोषही नव्हे. काही मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. रोजचा क्रम मोडला की जीव कासावीस होतो. मनातले बोलून दाखवता येत नाही, म्हणून ती ओरडतात, कान दाबतात किंवा जागच्या जागी झुलतात.

ज्यांनी विमानतळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तिथला क्रम सांगतो. दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. तिकीट नसलेल्या माणसाला साधारणपणे तिथूनच परतावे लागते, म्हणजे पोचवायला गेलेला मामा मदतीला आत येऊ शकत नाही. मोठे सामान कंपनीच्या ताब्यात दिले की तपासणीची रांग येते. मोबाइल, घड्याळ, पट्टा, पाकीट, हातातली पिशवी हे सगळे एका ट्रेमध्ये ठेवायचे. तो ट्रे सरकत्या पट्ट्यावरून यंत्राच्या पोटात जातो. आपण धातू ओळखणाऱ्या चौकटीतून चालायचे, मग एका बुटक्या चौथऱ्यावर बुजगावण्यासारखे हात पसरून उभे राहायचे. जवान हातातले यंत्र अंगाभोवती फिरवतो, ते किरकिरते, शंका आली तर तो चाचपून पाहतो.

यातली खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे बायकांची तपासणी वेगळी, पडद्याआड महिला जवान करतात. लहान मूल असेल तर आईबरोबर जाते. पण मिसरूड फुटलेला मुलगा पुरुषांच्या रांगेत जातो. म्हणजे ज्या घडीला पोराला आईची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच घडीला आई पडद्यामागे! बाप बरोबर असेल तर निभावते. एकटी आई आणि वाढता मुलगा, किंवा एकटा बाप आणि वाढती मुलगी, यांनी काय करावे? आमच्या घरात पंधरा दिवस याच एका प्रश्नावर चर्चा चालली होती.

आता जवानाची बाजूही पाहू. १९९९ च्या डिसेंबरात आपले विमान पळवून कंदाहारला नेले, त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे टप्प्याटप्प्याने देण्यात आली. आज बहुतेक मोठ्या विमानतळांवर हेच जवान असतात. दिवसभरात हजारो माणसे त्यांच्या हाताखालून जातात. जो नजर चुकवतो, विचारलेल्याचे उत्तर देत नाही, हातातली वस्तू सोडत नाही, उगाच येरझारा घालतो, त्याच्याकडे पहारेकऱ्याचे लक्ष जाणारच. आणि वाचकहो, आपले स्वमग्न मूल घाबरले की नेमके हेच करते! जवान दुष्ट नसतो, मूल गुन्हेगार नसते, पण दोघांच्या मध्ये सांगणारे कोणी नसले की गोंधळ होतो.

म्हणून आधी सांगून ठेवणे हे पहिले काम. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत स्वमग्नता स्पष्टपणे घातलेली आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत ती नव्हती. तेव्हा जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्या. चारचौघांत नाव होईल म्हणून पुष्कळ आईबाप ते काढत नाहीत. मला हे पटत नाही. पोराचे नाव गावाला आधीच ठाऊक असते. कागद नसला तर नुकसान पोराचेच.

दुसरे असे की विमान सुटण्याच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवावे. दिव्यांग प्रवाशाच्या मदतीची व्यवस्था कंपनीने करावी असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तिकिटावर यासाठी ‘डी.पी.एन.ए.’ अशी खूण घालता येते. बौद्धिक किंवा विकासात्मक अडचण असलेल्या प्रवाशाला मदत हवी, असा तिचा अर्थ. चाकाची खुर्ची नको, बरोबर चालणारा माणूस हवा, हे मात्र ठासून सांगा, नाहीतर खुर्ची येऊन उभी राहते. मुलगा मोठा असेल तर पुरुष मदतनीस मागा. पडद्याची मेख सुटते ती इथे.

२०२२ च्या मे महिन्यात रांचीच्या विमानतळावर घाबरलेल्या एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा देशभर बोलबाला झाला. त्या कंपनीला पाच लाख रुपये दंड झाला. त्याच वर्षी नियम सुधारला. आता दिव्यांगत्वाचे कारण सांगून कंपनीला प्रवासी नाकारता येत नाही. प्रवासात त्याची प्रकृती बिघडेल अशी शंका असेल, तर विमानतळावरच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावे लागते. हे ध्यानात असू द्या, पण तोंडावर फेकण्यासाठी नव्हे.

इंग्लंडमध्ये गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी फीत गळ्यात घालण्याची पद्धत निघाली. वरून न दिसणारी अडचण या माणसाला आहे, त्याला थोडा वेळ द्या, एवढेच ती फीत सांगते. आपल्याकडे बेंगळूरच्या विमानतळाने ती पद्धत घेतली आहे. पण ही फीत घातली म्हणून तपासणी माफ होत नाही. अमेरिकेत नातवंडांकडे जाणाऱ्यांनी तिथल्या सुरक्षा खात्याला ७२ तास आधी दूरध्वनी केला तर साहाय्य मिळते.

जिथे फीत नाही तिथे आपला कागद. आम्ही पुठ्ठ्यावर हिंदीत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले: ‘हा मुलगा स्वमग्न आहे, याला ऑटिझम आहे. अचानक हात लावल्यास घाबरतो. आधी यंत्र दाखवा, मग तपासा. आईला दिसेल अशा जागी राहू द्या.’ जवान देशाच्या कानाकोपऱ्यांतले असतात, म्हणून हिंदी आवश्यक. गर्दीसमोर नको असेल तर आडोशाला तपासा, अशी विनंतीही करता येते.

मग सुरू झाली घरातली रंगीत तालीम. यात माझ्या म्हाताऱ्या आईने पुढाकार घेतला. पडवीत पाट मांडला, तोच चौथरा. ट्रे म्हणजे परात. खाटेखालून परात या बाजूने सरकवायची आणि त्या बाजूने बाहेर काढायची, हे झाले यंत्र. तपासणीचे यंत्र म्हणून लाटणे. पहिले चार दिवस पोराने घंटी परातीत ठेवलीच नाही. पाचव्या दिवशी आजीने आपली चंची परातीत घातली, ती खाटेपलीकडून परत मिळाली. ते त्याने दोनदा पाहिले. मग घंटी ठेवली आणि स्वतः खाटेखाली वाकून ती जाताना पाहिली. ‘गेली’, ‘आली’ हे दोन शब्द त्याने स्वतःचे स्वतः जोडले. विमानतळावर वाकून पाहता येत नाही हे पुढे शिकवावे लागले, त्यात आणखी तीन दिवस गेले.

अंगावरच्या धातूचाही विचार करा. चांदीचा करदोडा, तांब्याचे कडे, धातूची बटणे यांनी यंत्र ओरडते आणि मग चाचपणी वाढते. नाडीची विजार आणि साधा सदरा बरा. हातपिशवीत अडकित्ता, कात्री, सुरी राहू देऊ नका. कानात कापसाचे बोळे चालतात, विचारले तर काढून दाखवायचे. आणि प्रवासाच्या दिवशी शांत राहावे म्हणून डॉक्टरांना न विचारता नवी गोळी देण्याचा घात कधी करू नका.

जाताना सगळे सुरळीत झाले. कंपनीचा तरुण मदतनीस दारातच भेटला. पुरुषांच्या रांगेत तो पुढे आणि पोरगा मागे. जवानाने कागद वाचला, यंत्र आधी मदतनिसाच्या हातावर फिरवून दाखवले, मग पोराच्या. घंटी मात्र अडकली. ती त्यांनी उलटीसुलटी केली, आतली लोळी हलवून पाहिली. तेवढ्या वेळात पोरगा स्वतःच्या कानावर चापट्या मारू लागला. घंटी हातात आली आणि थांबला.

येताना मात्र तसे झाले नाही. मदतनीस सांगूनही आला नाही, विमानाची वेळ होत आली, म्हणून बहीण तशीच रांगेत शिरली. पडद्यामागे हात पसरून ती उभी आणि पलीकडून पोराची किंकाळी. ती तशीच बाहेर धावली, तिला अडवले, तपासणी पुन्हा पहिल्यापासून. इकडे पोरगा जमिनीवर बसलेला, कान गच्च दाबलेले, भोवती तीन जवान. रांगेतल्या एका सद्गृहस्थाने ‘प्यायलाय का हा?’ असे विचारले. बहीण सांगते, ते वाक्य तिला अजून झोपेत ऐकू येते.

शेवटी तिने कागद एका वयस्क हवालदाराच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला. सर्वांना चार पावले मागे घेतले, रांग शेजारच्या चौकटीकडे वळवली आणि बहिणीला पोरापासून हातभर अंतरावर बसू दिले. कोणी काही बोलले नाही. पाव तास तरी गेला असेल. मग पोरगा आपला आपण उठला, चौथऱ्यावर चढला आणि त्याने हात पसरले.

बहीण म्हणते, पाटावरची तालीम कामी आली. मला विचाराल तर त्या हवालदाराचा पाव तासही तितकाच कामी आला.

विमान चुकले नाही. मदतनीस का आला नाही याची लेखी तक्रार बहिणीने कंपनीकडे केली आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. पुढच्या वेळी मेहुणे बरोबर जाणार, लागवड मजुरांवर सोपवून. तसे कबूल तरी केले आहे.

पडवीतला पाट अजून उचललेला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला पोरगा त्यावर उभे करतो आणि लाटणे फिरवतो. परवा गावातले तलाठी आले होते, खिशात किल्ल्यांचा जुडगा. तो परातीत ठेवून खाटेखालून पलीकडे निघेपर्यंत त्यांना माजघरात प्रवेश मिळाला नाही.